तिसरी खळी

"…अंगण काही खणू देणार नाही तो. खणलं तर खाली धाकटा…"

इस्त्रीवाल्याच्या दुकानात मी पाऊल टाकलं आणि वाक्य तिथेच तुटलं. बोलणारी बाई माझ्याकडे बघून एकदम उशीचे अभ्रे नीट करायला लागली. इस्त्रीवाल्याने इस्त्री उगीचच जोरात दाबली.

मी म्हटलं, "बोला की. मी काय परकी आहे?"

"काही नाही हो काकू, हवेबद्दल बोलत होतो."

हवा म्हणे! हवेला कधी धाकटा असतो का?

मला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची सवय नाही. आमचे हे म्हणतात आहे, पण त्यांना शेजारी कोण राहतं हेही धड ठाऊक नसतं, त्यांचं काय ऐकायचं. माझं म्हणणं एवढंच, की भिंतीला भिंत लागून घर असलं की कान काढून खुंटीला टांगता येत नाहीत. त्यामुळे ते तुटलेलं वाक्य कुणाबद्दल होतं हे मला दुकानातून बाहेर पडायच्या आतच कळलं होतं.

आमच्या शेजारचं घर. त्यात दोनच माणसं उरलेली. एक थोरला आणि एक त्याची भावजय, जिला सगळे धाकटीच म्हणायचे. पूर्वी चौघं होती. थोरल्याची बायको, आम्ही थोरली म्हणायचो तिला, एके दिवशी दिसेनाशी झाली. थोरला म्हणाला, भांडून माहेरी गेली, पुन्हा तोंड बघणार नाही. मग थोड्याच दिवसांत त्याचा भाऊ, धाकटाही गेला. तेव्हाही थोरलाच म्हणाला, कुणा बाईच्या नादी लागून पळाला. दोन्ही वेळा सांगणारं तोंड एकच, आणि त्या तोंडाखालचे हात असे की कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही.

त्या हातांचे आवाज मला भिंतीतून यायचे. आधी भांडी पडायची, मग काहीतरी जड. धाकटी कधी ओरडायची नाही, त्याचंच जास्त भय वाटायचं. मी स्वयंपाकघरातून लाटणं उचलायची आणि भिंतीवर दाणदाण आपटायची. की पलीकडे जरा वेळ शांत. सकाळी धाकटी कपडे वाळत घालायला आली की ओठ फुटलेला असायचा.

"अगं, तू का राहतेस इथे?" मी एकदा न राहवून विचारलं.

"ते मेले असतील तर मला रडायचंय काकू," ती म्हणाली. "आणि टाकून गेले असतील तर शिव्या द्यायच्यात. पण दोन्हीपैकी काय ते कळल्याशिवाय मी हलणार नाही. भावोजींना तेच खुपतं."

तिला घालवायचा थोरल्याचा हट्ट आणि न जायचा तिचा हट्ट. त्यात ती एक दिवस जिवानिशी जाणार, हे मला दिसत होतं.

अशात पाइप फुटला.

आमच्या बाथरूमचा मैल्याचा पाइप भिंतीखालून त्यांच्या अंगणात जातो, तिथे त्यांच्या बाथरूमचं पाणी त्याला मिळतं आणि मग तो रस्त्याला जातो. म्हणजे पाइप त्यांच्या अंगणात फुटला तर वास आमच्या घरात. अंगणातल्या फरशा एका जागी खचल्या, आमच्या मोरीतून पाणी उलटं यायला लागलं. खणायला मजूर बोलावले. पहिल्या मजुराने फरशीला कुदळ लावली मात्र, थोरल्याने ती त्याच्या हातातून हिसकली आणि त्याच्याच पायावर घातली. लोक जमले, मजुराला उचलून नेलं. त्या दिवसापासून इस्त्रीवाल्याच्या दुकानात वाक्यं अर्धी तुटायला लागली.

मग थोरल्यानेच ती नवीन तऱ्हेची माणसं शोधून काढली. न खणता आतल्या आत पाइप दुरुस्त करणारी.

सकाळीच गाडी आली. दोघं होते. एक पाइपवाला, गोल पोटाचा, हसतमुख, बोलायला लागला की थांबणं नाही. दुसरा चष्मेवाला, जो गाडीत पडद्यासमोर बसून कॅमेरा आणि कटर चालवायचा. मी चहा घेऊन गेले. चहा म्हणजे काय, निमित्त. पण पाइपवाला असा खूश झाला की मला पडद्याशेजारी स्टूल मिळालं.

"बघा काकू, तुमच्या पाइपाचं पोट," तो म्हणाला.

अंगणात बाथरूमच्या पायरीशी एक चेंबर आहे, लोखंडी झाकणाचा. त्याच्यातून त्यांनी कॅमेरा आत सोडला. पडद्यावर मातीचा जुना पाइप दिसत होता. मुळं आत शिरलेली, केसांसारखी लोंबणारी. ती त्यांनी आधी कापून काढली. मग चष्मेवाल्याने कॅमेरा हळूहळू पुढे नेला.

"हा तडा. हा अजून एक तडा. हे बाथरूमचं तोंड. बाकी कुठे भोक नाही," तो म्हणाला.

हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. बाकी कुठे भोक नाही. माझ्या डोळ्यांनी मी ते पाहिलं होतं.

मग त्यांनी अस्तर काढलं. शर्टाची बाही उलटी करतात ना, तसं काम असतं ते. जाड कापडाची लांबच लांब बाही, चिकट औषधात भिजवलेली, बर्फात ठेवून आणलेली. हवेच्या जोराने ती पाइपात उलटी होत होत आत जाते आणि चारी बाजूंनी पाइपाला जाऊन चिकटते. मग आत वाफ सोडायची. वाफेने कापड कडक होतं, दगडासारखं. जुन्या पाइपाच्या पोटात नवा पाइप.

"आणि बाथरूमचं तोंड बंद नाही का होत?" मी विचारलं.

"होतं ना! काकू, तुम्ही आमच्यात कामाला या," पाइपवाला हसला. "जिथे पाइपाला तोंड असतं, तिथे अस्तर थोडं बाहेर दबतं. गालावर खळी पडते तशी खळी पडते. आम्ही आतून बघतो, खळी कुठे आहे, आणि बरोबर तिथे कटर लावून तोंड मोकळं करतो. बायकोच्या गालावरची खळी एक वेळ विसरू, ही नाही विसरणार."

"बडबड कमी कर," थोरला मागून म्हणाला. सगळा वेळ तो अंगणातून हलला नव्हता. हातात पहार होती. का, ते कुणी विचारलं नाही.

वाफ सोडली. औषधाचा उग्र, गोड वास अंगणात भरला. डोळे चुरचुरायला लागले. धाकटी दारात येऊन उभी राहिली. दुपारचं ऊन होतं, रस्त्यावर माणसं होती, तरी त्या अंगणात एकदम कसंतरी झालं. फरशीखालून आवाज येत होता. आधी मला वाटलं वाफेचा असेल. पण वाफ फुसफुसते, आणि हे खरवडणं होतं. नखाने खरकटं भांडं खरवडावं तसं. थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं.

"हे… नेहमी होतं का?" मी विचारलं.

पाइपवाल्याने फरशीवर हात ठेवून पाहिला. "माती तापते," तो म्हणाला. मग हळूच, "बहुतेक."

थोरला खचलेल्या फरशांकडे बघत होता. त्याच्या कपाळावर घाम होता आणि पहारीवरची बोटं पांढरी पडली होती.

अस्तर थंड झालं, कॅमेरा पुन्हा आत गेला. आता पाइप गुळगुळीत, ओला, चकचकीत. चष्मेवाला पडद्याकडे वाकला. मग आणखी वाकला.

"काय झालं?" पाइपवाल्याने विचारलं.

"खळी एकच पाहिजे ना?"

"एकच. बाथरूमची."

"तीन आहेत."

मीही पाहिल्या. एक अगदी चेंबरच्या जवळ, हातभर आत. दुसरी तिच्या थोडी पुढे. आणि तिसरी लांब, आमच्या घराच्या भिंतीखाली. ती खळी गोल नव्हती. मऊ कणीक बाहेरून कुणी पाच बोटांनी चिमटून ओढावी, तसे तिला पाच कोपरे होते.

"आता आम्ही थांबतो," पाइपवाला थोरल्याला म्हणाला. "कुठेतरी बाहेरून पाइप फुटलाय. मघाशी नव्हतं हे. वरून उघडून बघावं लागेल, साहेब."

थोरल्याने गाडीत वाकून चष्मेवाल्याच्या थोबाडीत मारली. चष्मा उडाला, त्याच्यावर थोरल्याचा पाय पडला. "खणायचं नाही!" तो ओरडला. "बाथरूमचं तोंड उघड आणि चालता हो!"

चष्मेवाल्याच्या नाकातून रक्त ओठावर येत होतं. फुटक्या चष्म्याची एक काच डोळ्यासमोर धरून त्याने कटर आत घातलं. तीनपैकी बाथरूमची कुठली, हे मोजून बघायला पाहिजे होतं. मार खाल्लेला माणूस काय मोजणार? त्याने चेंबरजवळची पहिली खळी धरली. जिथे खळी तिथे तोंड, हा त्यांचा नेम. कटर घरघरलं, अस्तर कापलं गेलं.

ती बाथरूमची नव्हती.

कापलेल्या भोकातून पाणी आलं नाही. काळोख आला, म्हणजे पडद्यावर मला तसंच दिसलं, कॅमेऱ्याच्या उजेडावर कुणी हात ठेवावा तसा. आणि कटर अडकलं. यंत्र बंद केलं, कटर ज्या हवेवर चालतं तिची नळी काढली, वायर ओढली. वायर ताणली जायची आणि आतून परत खेचली जायची.

"कुणीतरी ओढतंय…" चष्मेवाला पुटपुटला.

"बायले आहात सगळे!" थोरल्याने पहार टाकली, चेंबरपाशी पोटावर आडवा झाला आणि उजवा हात खांद्यापर्यंत पाइपात घातला. आमच्याकडे तोंड करून दात काढले. "ही बघा वायर. सापडली. एवढ्याला खणायला नि…"

त्याचे दात तसेच राहिले, पण हसू गेलं.

"कोण आहे?" तो खाली बघून हळूच म्हणाला. लहान मुलासारखा आवाज. "सोड…"

मग तो ओढला गेला. गाल चेंबरच्या काठावर आदळला. पुन्हा. पुन्हा. ओल्या कपड्यावर धोपटणं मारल्यासारखा आवाज. काठाच्या विटांवर रक्त आणि एक दात. त्याचा खांदा मोडल्याचा आवाज मी ऐकला; ओली फांदी मोडते, तसा. पाइपवाल्याने त्याचे पाय धरले, मी पाइपवाल्याची कंबर धरली. आम्ही ओढत होतो आणि आतलं आमच्यापेक्षा शांतपणे ओढत होतं.

"सोड गं!" थोरला किंचाळला. "तू मेली होतीस! माझ्या हाताने गळा… माझ्या हाताने पुरली तुला!"

माझी पकड सुटली. पाइपवाल्याचीही.

धाकटी पायरी उतरून आली. तिच्या चालण्यात घाई नव्हती. ती थोरल्याच्या डोक्यापाशी उकिडवी बसली, त्याचे केस मुठीत धरून तोंड वर केलं. त्या तोंडाचं जे झालं होतं, त्याच्याकडे मला बघवेना.

"आणि ह्यांचं काय केलंत?" तिने विचारलं.

"ओढा… मला ओढा…"

"अगं, मरेल तो!" मी म्हटलं.

"थांबा काकू." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "भावोजी, ह्यांचं काय केलंत?"

"त्याने पाहिलं," थोरला म्हणाला. रक्ताचे बुडबुडे येत होते. "फरशी बसवताना पाहिलं त्याने… मी त्याला नुसतं… तो स्वतःच… भिंतीपाशी…"

आतून एक हिसका आला. थोरल्याचं तोंड खाली आपटलं, जबडा एका बाजूला गेला आणि त्यानंतर त्याच्या तोंडून आवाज आले, शब्द नाही. मग एकदम सगळा ताण सुटला आणि तो मागे आमच्या अंगावर पडला. हात बाहेर आला होता. कोपरापासून खाली जे होतं त्याला हात म्हणता येणार नाही. मोजा उलटा करून काढावा तशी कातडी निघालेली.

धाकटीने पडलेली पहार उचलली. मला वाटलं, झालं, आता ही त्याच्या डोक्यात घालते. मी डोळे मिटले. आवाज आला तो फरशीचा. तिने खचलेल्या फरशांत पहार घातली होती. एक फरशी उपटली, दुसरी उपटली. मग पाइपवाल्यानेही हात लावला.

फार खाली जावं लागलं नाही. पोलीस आले तेव्हा हाडं उघडी पडली होती. केसांत अडकवायचा चाप कवटीपाशी तसाच होता, थोरलीचा. मी कित्येकदा तिच्या डोक्यात पाहिलेला. मातीचा पाइप तेवढ्या भागात बाहेरून फोडलेला, आणि उजव्या हाताची हाडं अस्तरातल्या त्या ताज्या भोकातून आत गेलेली. कटरची वायर त्या बोटांत होती. पोलिसांनी लिहिलं की कटर अचानक चालू होऊन हाताला इजा झाली. हवेची नळी काढून ठेवली होती, असं चष्मेवाल्याने सांगितलं. ते कुणी लिहून घेतलं नाही.

मग त्यांनी सगळं अंगण खणलं. पार भिंतीपर्यंत. धाकटा मिळाला नाही. भिंतीखाली खणता येईना, दोन्ही घरं बसली असती. थोरल्याचा जबडा दवाखान्यात तारेने बांधलेला होता, तो बांधलेलाच राहिला. हाताचं विष अंगभर चढलं आणि तो तसाच गेला, एक शब्द न बोलता.

आता इस्त्रीवाल्याकडे वाक्यं पुरी होतात. "बघा, म्हणत होतो ना, अंगणात मुडदा आहे!" मग कुणीतरी म्हणतं, "पण धाकटा कुठे होता? धाकटा खरंच पळाला असणार." मी आत गेले तरी आता कुणी गप्प होत नाही, उलट मलाच विचारतात. मी म्हणते, "अर्धं बरोबर होतं तुमचं." उरलेलं अर्धं मी सांगत नाही.

धाकटी आता आमच्याकडे राहते. मीच आणलं तिला. खणून ठेवलेल्या त्या घरात तिला एकटीला कशी ठेवणार? आमच्या ह्यांनाही ती आवडते, ती आल्यापासून भाजीत मीठ बरोबर असतं म्हणतात.

पाइपवाला एकदाच परत आला. तुटलेला तुकडा बदलला, बाथरूमचं तोंड मोकळं केलं आणि काम संपल्यावर बघायचा म्हणून कॅमेरा पुन्हा सोडला, या वेळी आमच्या बाजूने. चष्मेवाला आला नव्हता, येणारही नव्हता. मी आणि धाकटी पडद्याशी उभ्या.

कॅमेरा आमच्या बाथरूममधून निघाला आणि जेमतेम पुढे गेला असेल, पाइपवाल्याने तो थांबवला.

पाच कोपऱ्यांची खळी.

"ही तर भिंतीखाली होती," मी म्हटलं.

त्याने पडद्यावरचं अंतर बघितलं, पडदा पुसला, पुन्हा बघितलं. "अस्तर दगड झालंय, काकू. खळी एकदा पडली की पडली. ती… सरकत नाही."

"पण सरकली आहे," धाकटी म्हणाली.

तिने पडद्यावर हात ठेवला. पाच बोटं, त्या पाच कोपऱ्यांवर. बराच वेळ ठेवला.

"ही उघडता येईल का, दादा?"

पाइपवाल्याने कॅमेरा ओढून घेतला, वायर कशीबशी गुंडाळली आणि चहाला नको म्हणाला. चहाला! त्यानंतर त्याचा फोन लागत नाही.

धाकटी रडत नाही. शिव्याही देत नाही. पूर्वी कपडे वाळत घालताना सारखी रस्त्याकडे बघायची, ते आता बंद झालंय. अंग भरलंय तिचं. मी मनाला म्हणते, पोरीने सोडली एकदाची आस, बरं झालं.

परवा ती चादरी भिजवायला उकळतं पाणी घेऊन बाथरूममध्ये गेली. चादरी काढून झाल्यावर उरलेल्या कढत पाण्याची बादली घेऊन मोरीच्या जाळीपाशी वाकली. दार अर्धवट उघडं होतं, मी पलीकडेच होते. ती कुणाशी तरी बोलली, अगदी हळू, घरच्या माणसाशी बोलतात तसं.

"गरम आहे हां… जरा बाजूला व्हा."

आणि ती थांबली. बादली तशीच तिरकी धरून. मग खालून काहीतरी सरकल्याचा आवाज आला, आणि तेव्हा कुठे तिने पाणी ओतलं.